किल्ल्या कुणाच्या हाती?



अध्यक्षाने गोड बोलावं अशी रीत आहे. आज ती मोडतो. रागवायचं असेल तर जेवणाआधी रागवा.

मध्यंतरी एका धर्मग्रामात, नाव घेत नाही, मराठी मिस्सा का बंद केली असं मी विचारलं. उत्तरादाखल मत्तयाचा सोळावा अध्याय तोंडावर आला. पेत्र म्हणजे खडक, त्यावर ख्रिस्तसभा उभी, नरकाच्या दारांचंही तिच्यापुढे काही चालायचं नाही, आणि किल्ल्या आमच्याकडे. थोडक्यात, तुम्ही गप्प बसा.

घरी जाऊन मी तोच अध्याय पुढे वाचला. अठराव्या वचनात खडक ठरलेला पेत्र तेविसाव्यात सैतान ठरतो, तेही प्रभूच्याच तोंडून. बांधण्या-सोडण्याचा अधिकार इथे एकट्या पेत्राला; अठराव्या अध्यायात तोच सगळ्या शिष्यांना, आणि तिथे न मिटलेली तक्रार न्यायची ती मंडळीपुढे. चारही शुभवर्तमानांत ख्रिस्तसभेचा तो मूळ ग्रीक शब्द या दोनच अध्यायांत येतो. त्यातला एक घोकायचा आणि दुसरा उघडायचाच नाही, ही कसली भक्ती?

आता आपल्या कुर्ल्याकडे या. खडकाची गोष्ट आपण कशाला करावी? आपलं सगळं खाजण, मिठागरं, मिठीचा गाळ. गावाचं नावसुद्धा कुर्लीवरून पडलं असं सांगतात. अशा जमिनीवर आपलं होली क्रॉस पोर्तुगीज अमलात उभं राहिलं, आणि १८४८ साली ते पुन्हा बांधावं लागलं. मधल्या काळात काय झालं? १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ साली वसई पडली, युरोपीय पाद्री निघून गेले. मागे राहिले गोव्याचे देशी पाद्री आणि आपले शेतकरी, कोळी, मिठागरातले मजूर. पुढे १८०८ साली कंपनी सरकारने मुंबईतल्या एका जमिनीच्या बदल्यात अख्खं कुर्ला होरमसजी बमनजी वाडियांना देऊन टाकलं. राजा बदलला, मालक बदलला, लोक देवळात येतच राहिले. टिकणं म्हणतात ते हे.

आणि किल्लीवाले काय करत होते? भांडत होते. पोर्तुगालच्या राजाचे पाद्री एकीकडे, रोमने नेमलेले दुसरीकडे. १८५३ साली माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये रोमने नेमलेले बिशप हार्टमन स्वतःला कोंडून बसले आणि बाहेर दुसऱ्या पक्षाने वेढा घातला. दोन्ही पक्ष पेत्राचेच बरं का! नरकाची दारं राहिली लांब, इथे देवळाचीच दारं आतून बंद. मुंबईतला हा दुहेरी कारभार मिटायला १९२८ साल उजाडलं.

भाषेचंही तेच. फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, मराठीत. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढलं की देशी भाषा सोडा, तीन वर्षांत पोर्तुगीज शिका. त्यामागे झगेवाल्यांचाही आग्रह होता. पुराणाच्या त्या जुन्या छापील प्रती आज कुठे सापडत नाहीत. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं ते हाताने उतरवून ठेवलेल्या पोथ्यांवरून. ज्यांच्याकडे किल्ली होती त्यांनी कुलूप लावलं. ज्यांच्याकडे नुसता बोरू होता त्यांनी राखलं.

टाळ्या थांबवा, कारण पुढचं तुमच्यासाठी आहे. मराठी मिस्सेला पाच म्हाताऱ्या आणि एक पेटीवाला असतो, हा आपल्या फादरांचा मुद्दा खोटा नाही. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६५ साली संपली, लोकभाषेतल्या उपासनेची वाट तिने उघडून दिली. त्या वाटेने आपण इंग्रजीत गेलो. नातवाला 'आवर फादर' शिकवलं, आजीचं 'आमच्या बापा' तिच्याबरोबर पुरलं. लग्नात उंबराच्या पाण्याची गाणी मोठ्या हौसेने गाता, मग रविवारी जीभ का अडखळते?

तेव्हा आज दोन ठराव मांडतो. रविवारी सकाळी साडेआठला मराठी मिस्सा, सोयीची वेळ, दुपारची नव्हे. आणि तक्रार मंडळीपुढे न्यायची तर हिशोबही मंडळीपुढे हवा, म्हणून धर्मग्रामाचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी देवळाच्या दाराशी लावायचा. पहिल्या ठरावाला जे हात वर करतील त्यांची नावं सेक्रेटरी लिहून घेतील, आणि येत्या रविवारी ती यादी घेऊन मी दाराशी उभा असेन. फादर, तुम्ही पहिल्याच रांगेत आहात. माईक तुमच्याकडे पाठवतोय.