विहीणबाईंनी शिकवलेले व्याकरण
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



इंग्रजी व्याकरणावर बोलणार म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतल्या दोघीतिघींनी विणकाम बाहेर काढलेले मला दिसले. खुशाल विणा, पण कान मात्र इकडे असू द्या. कारण हे व्याकरण मी पुस्तकातून शिकले नाही, विहीणबाईंच्या रुसव्यातून शिकले.

आमच्या विहीणबाई बंगाली. त्यांना मराठी येत नाही आणि मला बंगाली. तेव्हा पत्रव्यवहार इंग्रजीत. बाळंतपणानंतर लेक सासरी परतली तेव्हा मी पत्र लिहिले. ‘तिला आणखी महिनाभर ठेवून घेतली,’ एवढेच कळवायचे होते. लिहिले, ‘वी मेड हर स्टे.’ पंधरा दिवस उत्तर नाही. शेवटी लेकीचाच फोन आला, “आई, तू मला डांबून ठेवलं होतंस का गं?”

चूक कुठे झाली? मराठीत ‘करणे’चे ‘करविणे’ होते, ‘निजणे’चे ‘निजविणे’ होते. यांना आपण प्रयोजक क्रियापदे म्हणतो. काम दुसऱ्याचे, प्रेरणा आपली. ती प्रेरणा धाकाची की मायेची, हे बहुधा बोलण्याच्या सुरावरून कळते. इंग्रजीत त्यासाठी क्रियापदच निराळे निवडावे लागते.

‘मेक’ म्हणजे पुढच्याची इच्छा न विचारता करायला लावणे. विनोदाने हसविणे हेही ‘मेक’च, कारण हसू काही परवानगी मागून येत नाही. ‘लेट’ म्हणजे करू देणे. ‘हॅव’ म्हणजे सांगून, सोपवून करविणे. आणि ‘गेट’ म्हणजे समजूत घालून, खटपट करून करवून घेणे. मला हवे होते ते हे शेवटचे: ‘वी गॉट हर टू स्टे.’

आता तो ‘टू’ पाहा. ‘गेट’च्या मागून तो येतो, ‘मेक’, ‘लेट’, ‘हॅव’ यांच्या मागून येत नाही. मात्र कर्मणी प्रयोग केला की ‘मेक’लाही तो चिकटतो: ‘शी वॉज मेड टू स्टे.’

दुसरी गंमत शिंप्याची. आपण सहज म्हणतो, “मी दिवाळीला ब्लाउज शिवला,” आणि शिवलेला असतो शिंप्याने! इंग्रजीत ‘आय स्टिच्ड अ ब्लाउज’ म्हटले की सुई आपल्याच हातात येते. शिंप्याचे श्रेय शिंप्याला द्यायचे तर म्हणावे, ‘आय हॅड अ ब्लाउज स्टिच्ड.’ इथे क्रियापदाचे तिसरे रूप येते.

पाहणे-ऐकणे यांची क्रियापदेही अशीच काटेकोर. ‘आय सॉ हर क्रॉस द रोड’ म्हणजे ती या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेली मी पाहिली. ‘आय सॉ हर क्रॉसिंग द रोड’ म्हणजे ती रस्ता ओलांडत असताना मला दिसली. पलीकडे पोचली की नाही, याची ग्वाही त्यात नाही. ‘हिअर’चेही तसेच. उद्या कोणी साक्षीला बोलावले तर या एवढ्याशा ‘इंग’वर पुष्कळ काही अवलंबून राहील. आणि साक्षीला न बोलावताही आपण शेजारणीबद्दल अर्धे पाहून पूर्ण सांगतोच की!

भगिनींनो, काम कोणाच्या हाताने झाले, कोणाच्या मर्जीने झाले आणि आपण त्यातले किती पाहिले, एवढे तीन प्रश्न मनाशी विचारावे आणि मग क्रियापद निवडावे. तेवढ्याने निम्म्या चुका टळतील.

मी विहीणबाईंना दुसरे पत्र लिहिले, चूक कबूल केली आणि या वेळी ‘गॉट हर टू स्टे’ लिहिले. उत्तर आठवड्यात आले. त्यांनी लिहिले होते, ‘पुढच्या सुटीत तुम्हीच या. आम्ही तुम्हांला ठेवून घेऊ.’ आणि त्यासाठी मुद्दाम वापरले होते, ‘मेक’!