दोन सेकंदांची खूण

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात उन्हाळ्यातील सायंकाळी कुरणांवर काजवे लुकलुकू लागतात. ‘फोटिनस पायरॅलिस’ ही तेथील सर्वपरिचित जात. उडताना दिसतात ते बहुधा नर; मादी गवताच्या पात्यावर स्वस्थ बसलेली असते. तिला शोधण्याचा सारा भार नरावर पडतो.

नर जमिनीलगत उडत सुमारे ६ सेकंदांच्या अंतराने एकेकदा चमकतो. चमकताना तो किंचित खाली येऊन वर उसळतो, त्यामुळे अंधारात गळासारखी वक्र रेघ उमटते. मादीला ही खूण पटली, तर ती सुमारे २ सेकंद थांबून एकदाच उत्तर देते. नर तिच्याकडे वळतो, पुन्हा चमकतो, पुन्हा उत्तर येते. अशा काही सवाल-जबाबांनंतर तो जवळपास उतरतो व उरलेले अंतर चालून जातो.

पण त्याच कुरणावर इतर जातीही चमकत असतात. तेव्हा स्वजातीची मादी ओळखावी कशी, असे कोणी विचारील. ती ओळख पटते मुख्यतः त्या २ सेकंदांच्या विरामावरून. नेमकी वेळ साधून विजेरी लुकलुकवली, तर नर विजेरीकडेही येतो! थंड रात्री हे विराम लांबतात. परंतु नर व मादी या दोघांचीही गती मंदावत असल्याने घोटाळा होत नाही.

जी खूण विजेरीला साधते, ती शत्रूलाही साधते. ‘फोट्युरिस’ या दुसऱ्या वंशातील काजव्यांची मादी परक्या नराला त्याच्या मादीच्या खुणेने उत्तर देते आणि तो उतरला की त्याला खाऊन टाकते. कीटकशास्त्रज्ञ जेम्स लॉइड यांनी हा प्रकार १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. याला कपट म्हणण्याचा मोह होतो, परंतु कीटकांना मानवी नीतीची मापे लावण्यात अर्थ नाही. तिला यातून केवळ अन्न मिळत नाही. थॉमस आयस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, फोटिनसच्या शरीरातील लुसिबुफॅजिन हे विषारी द्रव्य तिच्या अंगात येते आणि मग कोळी तिला टाळतात.

नराने दबकत, थांबत पुढे जावे, तर तेथेही अडचण आहे. त्याच उत्तरावर दुसरे नरही उतरलेले असतात.