गाळ्यागाळ्यांतला बाजार

नवी मुंबईतील एपीएमसी मार्केट हे मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार आहे. वाशीलगत तुर्भ्यात पसरलेल्या या आवारात कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे पाच घाऊक बाजार भरतात. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या स्वयंपाकघरांत शिजणाऱ्या अन्नाचा मोठा हिस्सा येथून जातो. हा पसारा कोणा एका बड्या कंपनीच्या हाती नाही. तो गाळ्यागाळ्यांत वाटलेला आहे. गाळ्यात एक पेढी असते. मालक, हिशेब पाहणारे मेहताजी आणि काही मदतनीस एवढाच तिचा परिवार. आर्थिक विकासात लहान उद्योगांचा वाटा काय, याचे उत्तर या गाळ्यांत फार स्पष्ट दिसते.

समितीची स्थापना १९७७ मध्ये झाली. त्याआधी मुंबईचा घाऊक व्यापार मशीद बंदर, भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केटच्या अरुंद गल्ल्यांत कोंडला होता. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ मध्ये खाडीपलीकडे आला, मसाला आणि धान्य १९९०च्या दशकाच्या आरंभी आले, फळे आणि भाजीपाला १९९६ मध्ये. गाळे, लिलावगृहे, रुंद रस्ते, गाड्या उभ्या करायला जागा, या गोष्टी एकटा व्यापारी उभारू शकत नाही. नवी मुंबई वसवणारे सिडको महामंडळ आणि बाजार समिती यांच्या प्रयत्नांतून त्या उभ्या राहिल्या आणि मग लहान भांडवलाला तेथे पाय रोवता आले. उद्योजकतेचे श्रेय नेहमी एकट्या माणसाच्या धाडसाला दिले जाते. त्या धाडसाला आधी सार्वजनिक जागेचा आधार लागतो, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

भाजीपाल्याच्या गाड्या नाशिक, पुणे, सातारा या भागांतून रात्रीच आवारात शिरतात. एका गाडीत अनेक शेतकऱ्यांचा माल असतो, प्रत्येकाचे डाग (नग) वेगळे आणि प्रतही वेगळी. आडत्या, म्हणजे आडत (कमिशन) घेऊन माल विकून देणारा, तो उतरवून घेतो, आवक आणि गिऱ्हाईक पाहून भाव जुळवतो आणि शेतकऱ्याच्या नावाने पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, करतो. उजाडायच्या आत किरकोळ विक्रेता दोन गोणी कोबी, एक गोणी वांगी, थोडी मिरची घेऊन टेम्पोत चढलेला असतो. अनेक गावांचा माल एकत्र आणायचा आणि तोच शेकडो छोट्या गिऱ्हाइकांसाठी पुन्हा फोडायचा, हे या बाजाराचे खरे काम. आडतीच्या मालात भाव पडला तर झळ शेतकऱ्याला बसते. स्वतः खरेदी केलेला माल सडला तर व्यापारी बुडतो आणि हातगाडीवर न खपलेल्या पालेभाजीचा तोटा हातगाडीवाल्याचा. जोखीम अशी अनेक लहान खांद्यांवर विभागली जाते.

या गाळ्यांभोवती आणखी कितीतरी धंदे उभे राहिले आहेत. बारदान विकणारे, आंब्याच्या पेट्या आणि क्रेट पुरवणारे, टेम्पोमालक, फळे पिकवण्याच्या खोल्या चालवणारे, चहा-नाश्त्याचे ठेले. मिरची-धान्य निवडणाऱ्या स्त्रियांची रोजीही याच बाजारावर अवलंबून आहे. माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माथाडींचे स्थान वेगळे. अण्णासाहेब पाटील यांनी उभारलेल्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि इतर लाभ द्यायचे, अशी त्याची रचना आहे. एकेका लहान पेढीला जे परवडले नसते, ते सर्वांनी मिळून मंडळामार्फत शक्य केले. लहान उद्योग म्हणजे कामगाराला संरक्षण नाही, या समजुतीला इतके भक्कम उत्तर देशात फार थोड्या ठिकाणी मिळेल.

बाजाराचे खरे भांडवल मात्र उधारी आहे. हापूसच्या हंगामाआधी कोकणातील बागायतदाराला फवारणी, राखण, तोडणी, पेट्या यांसाठी पैसा लागतो. तेव्हा अनेकदा वाशीचा दलाल उचल देतो. बागेला मोहोर येण्याआधीच हा पैसा कोकणात पोहोचलेला असतो. मार्च ते मे या काळात पेट्या येतात आणि उचल पट्टीतून वळती होते. दुसऱ्या टोकाला हाच व्यापारी किरकोळ विक्रेत्याला माल उधार देतो. विक्रेता माल विकून काही दिवसांनी पैसे आणून देतो. ना तारण, ना लांबलचक अर्ज. वर्षानुवर्षांची ओळख आणि बाजारातली पत एवढ्यावर हे चालते. या सोयीला किंमतही आहे. ज्याची उचल घेतली त्यालाच माल पाठवावा लागतो आणि भावासाठी दुसरे दार ठोठावण्याची बागायतदाराची मोकळीक जाते. बँकेचे कर्ज वेळेवर मिळणारा बागायतदार या बाजारात अधिक ताठ मानेने उभा राहील, यात शंका नाही.

गाळ्यातील हे चित्र देशाच्या चित्राहून फार वेगळे नाही. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत सुमारे ५.८५ कोटी आस्थापना आणि त्यांत काम करणारी सुमारे १३ कोटी माणसे नोंदली गेली. त्यांतील सुमारे ७२ टक्के आस्थापनांत पगारी माणूस नव्हता. मालक आणि घरची माणसेच सारे सांभाळत होती. पण आकार लहान म्हणून उद्योजकता नाही, असे नव्हे. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुंपीटर यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात नवी बाजारपेठ शोधणे आणि मालाचा नवा स्रोत शोधणे ही उद्योजकाची कामे मानली. वाशीच्या फळबाजारात ती घडताना दिसतात. कोकणचा हंगाम दूर असताना, नोव्हेंबरच्या सुमारास, येथे आफ्रिकेतील मलावीचा आंबा विकला जातो. इराणची सफरचंदे आणि ड्रॅगन फ्रूटही गाळ्यांत दिसतात.

धोरणाने मात्र व्यापाऱ्याला उद्योजक मानायला वेळ लावला. घाऊक आणि किरकोळ व्यापाराला सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या नोंदणीत जुलै २०२१ मध्ये पुन्हा जागा मिळाली, तीही प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. थकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी २००६ च्या कायद्याने लघुउद्योगांना दिलेले संरक्षण त्यात आले नाही. ज्याचा सगळा धंदा उधारीवर चालतो, त्यालाच ते नाकारणे न्याय्य नाही. फेरीवाल्यांसाठी २०२० मध्ये पंतप्रधान स्वनिधी योजना आली. तिच्यात सुरुवातीला १० हजार रुपयांचे खेळते भांडवल विनातारण मिळत असे आणि वेळेवर फेडणाऱ्याला पुढे मोठी रक्कम. हातगाडीवाल्याची तोंडी पत बँकेच्या कागदावर आली.

२०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. आवाराबाहेरही विक्रीची वाट मोकळी झाली. शेतकऱ्याला अधिक गिऱ्हाइके मिळणे चांगलेच. आवारातील व्यापाऱ्याची तक्रार अशी, की बाजार समितीचा सेस आणि माथाडी मंडळाची लेव्ही आत भरावी लागते, बाहेर नाही. कांदा-बटाटा बाजाराच्या इमारती धोकादायक ठरूनही त्यांची पुनर्बांधणी अनेक वर्षे रखडली. स्पर्धा खुली ठेवायची असेल, तर आतल्या गाळ्याचे छप्पर सुरक्षित हवे आणि ओझे उचलणाऱ्या माथाडीचे हक्क आवाराच्या आत आणि बाहेर सारखेच हवेत.