चोर कोणाला म्हणावे?

(शहादे तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर.)

काल रात्री या अभ्यासवर्गात 'द कॅसल ऑफ कॅग्लिओस्ट्रो' हा जपानी कार्टूनचा सिनेमा दाखविण्यात आला आणि आज सकाळी चहाच्या वेळी माझ्या कानावर दोन तक्रारी आल्या. पहिली तक्रार अशी की, अभ्यासवर्गाचा मोलाचा वेळ पोरखेळात का घालवला? तिला उत्तर देण्याचे कारण नाही. तक्रार करणारे दोघेही शेवटचे दृश्य संपेपर्यंत जागचे हलले नव्हते. दुसरी तक्रार मात्र गंभीर आहे. चोराला नायक करणारी गोष्ट समाजवादी कार्यकर्त्यांनी पाहावीच कशाला, असे एका तरुण मित्राने विचारले. आज माझ्यासाठी 'ग्रामीण पतपुरवठा' असा विषय ठरला होता. तो मी सोडत नाही. या प्रश्नाच्या वाटेने तिथेच पोहोचतो.

जे काल झोपी गेले त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. ल्युपिन नावाचा आधुनिक चोर आपल्या साथीदारासह मोनॅकोच्या जुगारखान्याची तिजोरी फोडतो. मोटार नोटांनी गच्च भरते आणि मग ध्यानात येते की सगळ्या नोटा बनावट आहेत. त्यांचा माग काढीत दोघे कॅग्लिओस्ट्रो नावाच्या एका इवल्याशा संस्थानात शिरतात. सीमा ओलांडली की काळ मागे जातो. किल्ला, खंदक, तळघरातली अंधारकोठडी, मनोऱ्यात डांबलेली राजकन्या, आणि तिच्याशी बळजबरीने लग्न लावून संस्थानाचा पुरातन ठेवा गिळू पाहणारा एक काउंट. म्हणजे विसाव्या शतकातले चोर सरळ सरंजामशाहीत जाऊन पडतात. काळाचे चाक मागे फिरवणारे यंत्र वगैरे काही लागत नाही. मोटारीने तासाभरात जाता येते. आपल्यापैकी जे अक्कलकुव्याकडून किंवा धडगावच्या घाटाने आले आहेत त्यांना यात नवल वाटू नये.

आता या काउंटाची अर्थव्यवस्था पाहा. त्याच्या राज्यात शेती कोण करते, सारा किती, हे सिनेमा सांगत नाही. किल्ल्याच्या तळघरात मात्र छापखाने चालतात आणि जगातल्या साऱ्या प्रमुख देशांच्या बनावट नोटा तिथे निघतात. राजघराणी कोसळली, युद्धे झाली, मंदी आली, त्यामागे या छापखान्याचा पैसा होता असे कथेत म्हटले आहे. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून हे मी शब्दशः मान्य करणार नाही. मंदीची कारणे एका तळघरात मावत नाहीत. पण दिग्दर्शकाने एक गोष्ट अचूक पकडली आहे. जुना सरंजामदार नव्या जगात टिकतो तो तलवारीवर नव्हे, कागदावर टिकतो. तळघरात छापखाना आणि वर धर्मगुरूंच्या हस्ते विवाहसोहळा, अशी ती दुमजली व्यवस्था आहे.

हा दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. १९७९ साली आलेला हा त्याचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. पुढे त्याची कीर्ती जगभर झाली, पण आपल्या दृष्टीने त्याआधीची हकीकत महत्त्वाची आहे. १९६३ साली तो तोएई कंपनीच्या कार्टून-विभागात चित्रकार म्हणून नोकरीला लागला आणि वर्षभरातच तिथल्या कामगार संघटनेचा सचिव झाला. संघटनेचे उपाध्यक्षपद त्याचा ज्येष्ठ सहकारी इसाओ ताकाहाता याच्याकडे होते. वेतनासाठी आणि कामाच्या तासांसाठी झगडलेल्या माणसाने काढलेली ही चित्रे आहेत, एवढे ध्यानात ठेवून ती पाहावीत. ल्युपिनचा एक साथीदार तलवारबहाद्दर आहे, गोएमोन. तो ज्याचा वंशज म्हणून दाखवला आहे तो इशिकावा गोएमोन सोळाव्या शतकातला दरोडेखोर. १५९४ साली क्योतोमध्ये उकळत्या कढईत टाकून त्याला मारले असे परंपरा सांगते. त्या वेळचा सत्ताधीश हिदेयोशी याने त्याआधी सहाच वर्षे, १५८८ साली, फर्मान काढून शेतकऱ्यांच्या घरातली शस्त्रे जप्त केली होती. ज्या राज्यात कुणब्याजवळ साधी तलवार उरली नाही, त्या राज्यातली प्रजा एका चोराला नाटकांतून पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवते, याचा अर्थ उलगडून सांगायला नको.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती आला. घाट आणि वाटा राखण्याबद्दल भिल्ल नाईकांना पिढीजात हक्क मिळत असत. ते हक्क नाकारले गेले किंवा वेळेवर पोहोचेनात. काल जे वाटेचे राखणदार होते ते आज वाटमारे ठरले. माणूस तोच, डोंगर तोच, बदलले ते फक्त दप्तर. पुढे १८२५ साली आउट्रमने भिल्ल पलटण उभारली, तेव्हा त्याच लोकांना गणवेश देऊन पुन्हा राखणदार केले. १८५७ साली सेंधव्याच्या घाटाची राखण करणाऱ्या खाज्या नाईकाने इंग्रजांविरुद्ध उठून सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. सरकारी कागदांत तो दरोडेखोर आहे, आपल्या लेखी तो स्वातंत्र्यसैनिक आहे. आणि तो खजिना ज्यांच्या साऱ्यातून जमला त्यांच्या लेखी कोण होता, हे कोणी विचारून ठेवलेले नाही.

१८७१ साली सरकारने आणखी एक पाऊल टाकले. गुन्हेगार जमातींचा कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच चोर ठरवल्या. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला, पण पोलीस ठाण्यातली नजर रद्द करण्याचा ठराव अद्याप कोणत्याही विधिमंडळाने केलेला नाही.

जंगलाचेही तेच. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले झाली आणि ज्या मोळीला कालपर्यंत सरपण म्हणत तिला चोरीचा माल म्हणू लागले. इथे मला एका तरुण पत्रकाराची आठवण होते. १८४१ साली ऱ्हाइन प्रांताच्या विधिसभेत रानात पडलेली वाळकी लाकडे गोळा करणे हा चोरीचा गुन्हा ठरवण्यावर चर्चा झाली आणि पुढच्या वर्षी चोवीस वर्षांच्या कार्ल मार्क्सने त्यावर लेखमाला लिहिली. झाडावरून गळून पडलेली फांदी झाडाच्या मालकीची राहते काय, हा त्याचा प्रश्न होता. आर्थिक हितसंबंधांविषयी बोलताना आपली प्रथम तिथेच अडचण झाली, असे त्याने पुढे १८५९ साली नमूद केले आहे. 'कॅपिटल'चा पहिला खंड त्या लेखांनंतर पंचवीस वर्षांनी आला. मोळीपासून भांडवलापर्यंतचा तो रस्ता आहे, आणि अभ्यासवर्गात आपण नेहमी तो उलट्या टोकाकडून चालायला घेतो, म्हणून दमतो.

आता पतपुरवठा. तापीकाठची काळी जमीन भिल्लांच्या हातून कशी गेली? कोणी कुऱ्हाड घेऊन हिसकावली नाही. पावसाळ्याच्या तोंडाला खावटीसाठी धान्य घेतले, त्यावर सवाई-दिढी चढली, कागदावर अंगठा उमटला, कागदात काय लिहिले ते वाचता येणारा मनुष्य एकच होता आणि तो सावकाराच्या ओटीवर बसलेला होता. मग नापिकीचे एक वर्ष आले, दावा झाला, हुकूमनामा निघाला, आणि जमिनीचा धनी आपल्याच शेतात सालदार म्हणून राबू लागला. या साऱ्या व्यवहारात कायद्याच्या भाषेत चोरी कुठेच झाली नाही. कॅग्लिओस्ट्रोच्या तळघरातला छापखाना तो हाच. एवढाच फरक की काउंटाला नोटा बनावट छापाव्या लागत होत्या. सावकाराचे कागद खरेखुरे होते, मुद्रांकासह. १८७५ साली सुप्याला आणि पुणे-नगरकडच्या गावांत शेतकरी उठले तेव्हा त्यांनी मुख्यतः काय नेले, काय जाळले? कर्जरोखे. धान्य आणि दागिने यांच्याहून त्या कागदांवर त्यांचा राग होता. अक्षरशत्रू म्हणून ज्यांना हिणवले गेले त्यांना अक्षराची ताकद कोणाहीपेक्षा नेमकी कळली होती.

या तालुक्यात १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला जे घडले ते इथल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. तंगीचे दिवस होते. आदिवासी धान्यासाठी जमले. ते धान्य मागायला आले होते असे एक बाजू सांगते, लुटायला आले होते असे दुसरी. गोळीबार झाला, एक आदिवासी मारला गेला. म्हणजे मागणे आणि लुटणे या दोन शब्दांमध्ये एक प्रेत पडले होते. त्यानंतर अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने १९७२ च्या जानेवारीत शहाद्याला भूमुक्तीचा मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. मजुरीचा दर, सालदारांच्या अटी, बळकावलेल्या जमिनी हे प्रश्न चव्हाट्यावर आले. बायांनी दारूची मडकी फोडली. अंबरसिंग महाराज १९७४ साली गेले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राने त्या सालच्या नावाने केला, यामागे इथल्या चळवळीचा रेटा होता.

आता सिनेमातल्या पोलिसाबद्दल. इन्स्पेक्टर झेनिगाता हा मला ल्युपिनपेक्षाही जवळचा वाटला. हा प्रामाणिक मनुष्य बनावट नोटांचे पुरावे घेऊन आंतरराष्ट्रीय पोलिसांच्या बैठकीत जातो. तिथे प्रत्येक देशाचा प्रतिनिधी दुसऱ्याकडे बोट दाखवतो, कारण प्रत्येकाचे हात थोडेफार मळलेले. प्रकरण दडपले जाते. मग तो काय करतो? ल्युपिनला पकडण्याच्या निमित्ताने किल्ल्यात शिरतो, पाठलाग करता करता 'चुकून' छापखान्यात जाऊन पोहोचतो, आणि दूरचित्रवाणीचा कॅमेरा सुरू असताना नोटांचे ढीग पाहून आश्चर्य करीत सुटतो. त्या माणसाला अभिनय मुळीच जमत नाही. काल सगळी सभा तिथेच हसली. पण मोठ्या चोराकडे नेणारा सरकारी हुकूम निघतच नाही. लहान चोराच्या नावाने काढलेल्या हुकमावरच आत शिरावे लागते, ही गोष्ट हसण्यासारखी आहे का, हे तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्यांनी सांगावे.

तथापि या चित्रपटाची मी भलावण करीत बसणार नाही. त्याचे मोठे उणे असे की त्यात प्रजाच नाही. एक म्हातारा माळी दिसतो, खाणावळीत वाढणारी एक पोरगी दिसते, बाकी संस्थान निर्मनुष्य आहे. काउंट मरतो तो घड्याळाच्या काट्यांत चिरडून, लोकांच्या उठावाने नव्हे. मग होते काय? राजकन्या राजकन्याच राहते. वाईट धनी जाऊन चांगली धनीण आली, एवढाच बदल. ती ल्युपिनबरोबर जाऊ म्हणते, तो नकार देऊन निघून जातो. तिच्यापुरते ते योग्यच आहे. परंतु चोर-नायकाचा स्वभावच असा की तो येतो, फोडतो आणि सूर्योदयाला निघून जातो. मागे राहिलेल्यांनी दुसऱ्या दिवशी काय करायचे, हा प्रश्न त्याचा नसतो. हॉब्सबॉम या इतिहासकाराने समाजप्रिय दरोडेखोरांवर १९६९ साली एक ग्रंथ लिहिला. हे लोक अन्यायाचा सूड घेतात, नवे जग उभारणे त्यांच्या कक्षेत नसते, असे त्यात सविस्तर मांडले आहे. मित्राच्या शंकेतला खरा भाग तो एवढाच. चोराचे पोवाडे गाऊन चळवळ होत नाही. पाटीलवाडीनंतर शहाद्याला उभी राहिली ती टोळी नव्हती, संघटना होती.

एका दृश्याचे मात्र मला ऋण मान्य केले पाहिजे. शेवटी पुरातन ठेवा हाती लागतो. तो सोन्याचा हंडा नसतो. तळ्याचे पाणी ओसरते आणि तळाशी बुडालेले एक अख्खे रोमन नगर उघडे पडते. ते पाहून ल्युपिन म्हणतो ते असे की हे आपल्या खिशात मावणारे नव्हे, साऱ्या मानवजातीचे आहे. जगभरच्या तिजोऱ्या फोडणाऱ्या माणसाला सामायिक मालकी म्हणजे काय हे कळते. ते आमच्या नियोजनकर्त्यांना कळायला २००६ सालचा वनहक्क कायदा यावा लागला.

त्या कायद्याबद्दल दोन शब्द, कारण दुपारी तेच काम आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो वनजमीन कसतो त्याला त्या जमिनीचा हक्क, कमाल चार हेक्टरपर्यंत, मिळू शकतो. अनेकांचे दावे फेटाळले गेले आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हुसकावण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात त्याला स्थगितीही दिली. यावरून सारे कसे एका धाग्यावर लोंबकळते आहे ते कळावे. दावा बळकट करायचा तर पुरावा हवा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब चालतात, ते घ्या. पण आज सकाळी एका कार्यकर्त्याने मला सांगितले की त्याच्या वडिलांनी वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या लाजेपोटी जाळून टाकल्या. घरात चोरीचा कागद नको म्हणून. मित्रहो, अतिक्रमणाबद्दल अमुक साली अमुक इतका दंड वसूल केला, असे त्या पावतीवर सरकारनेच लिहून दिलेले असते. म्हणजे त्या साली हा मनुष्य ती जमीन कसत होता, याची कबुली सरकारची स्वतःची आहे. ज्या कागदाने त्याला चोर ठरवले तोच त्याच्या वहिवाटीचा पुरावा आहे. तेव्हा गावी गेल्यावर प्रत्येक घरातल्या पत्र्याच्या पेट्या, देवघरामागचे डबे, आढ्याला टांगलेल्या पिशव्या उघडायला सांगा. दुपारच्या सत्रात दाव्याचे कोरे नमुने वाटले जातील. ज्यांनी पावत्या बरोबर आणल्या आहेत त्यांनी पुढच्या रांगेत बसावे.