मेंदूचे शास्त्र आणि मुख्याध्यापकांना मार्गदर्शन
(केंद्रप्रमुखांच्या प्रशिक्षणवर्गात केलेले भाषण)



मेंदूसंबंधी अलीकडे जे संशोधन झाले आहे त्याचा शाळाप्रमुखांना मार्गदर्शन करण्याच्या कामी कितपत उपयोग होतो, हा विषय आज माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. विस्तार अधिकारी म्हणून माझी हयात शाळा तपासण्यात गेली. तेव्हा प्रारंभ माझ्या एका चुकीपासूनच करतो.

नोकरीच्या आरंभीच्या काळात मी एका चार शिक्षकी शाळेच्या तपासणीस गेलो होतो. मुख्याध्यापक वयाने माझ्याहून वडील होते. सहकारी शिक्षक व गावचे दोन प्रतिष्ठित गृहस्थ समोर असताना मी त्यांना चढ्या आवाजात विचारले, "वाचनात मागे राहिलेली मुले किती? त्यांची नावे सांगा." गुरुजी गप्प झाले. दोन नावे कशीबशी सांगून ते हजेरीपटाची पाने उलटू लागले. "मुख्याध्यापकांस आपल्या विद्यार्थ्यांची माहिती नाही," असा शेरा मी शेरेबुकात लिहिला, सही केली आणि निघालो. एस. टी. च्या थांब्यापर्यंत ते मला पोचवावयास आले. वाटेत, मी काही विचारलेले नसताना, त्यांनी अकरा मुलांची नावे सांगितली; कोणाचे डोळे अधू आहेत, कोण आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो, कोणास जोडाक्षरे लागत नाहीत, हे सर्व सांगितले. माझा शेरा मात्र शाईने लिहिला गेला होता.

अर्ध्या तासापूर्वी मुखातून न निघालेली नावे वाटेत कोठून आली, या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळाले. आपल्या कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे, त्याच्याकडे फार जोखमीची कामे असतात. चार गोष्टी एकाच वेळी ध्यानात धरणे, योजना आखणे, मनाच्या उसळीस आवर घालणे, ही ती कामे होत. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या एमी आर्न्स्टन यांनी या भागाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्यांनी या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. त्याचे सार असे, की जो ताण आपल्या आटोक्यात नाही असे माणसास वाटते, तो सौम्य असला तरी या भागाचे काम अल्पावधीत मंदावते. नॉरअ‍ॅड्रिनलिन व डोपामिन ही रसायने प्रमाणाबाहेर स्रवतात, तेथील मज्जापेशींचे परस्परांशी असलेले दुवे तेवढ्यापुरते सैल पडतात, आणि वर्तनाची सूत्रे भीती व सवय यांच्याशी संबंधित अशा अधिक जुन्या भागांकडे जातात. "आटोक्यात नाही" या शब्दांकडे आपण विशेष लक्ष द्यावे. काम अवघड आहे एवढ्याने ही अवस्था येत नाही. साहेब पुढे काय विचारतील, काय लिहितील, याचा अंदाज नसणे आणि त्यावर आपला काहीच इलाज नसणे, यातून ती येते. त्या दिवशी गुरुजींना मी नेमक्या याच अवस्थेत नेले होते, असे मला आज वाटते. मी त्यांच्या ज्ञानाची परीक्षा घेत आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी ते ज्ञान वापरण्याचे साधनच काही काळ निकामी केले होते.

मार्गदर्शनाच्या प्रश्नांविषयी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील अँथनी जॅक व रिचर्ड बोयात्झिस यांनी सहकाऱ्यांसह तो केला व २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची दोन प्रकारच्या मार्गदर्शकांशी भेट घडविली. एकाने विचारले, की सर्व काही मनासारखे झाले तर दहा वर्षांनी तू काय करीत असशील? दुसऱ्याने विचारले, की अभ्यास वेळेवर होतो का, नेमलेले वाचन पुरे करतोस का? काही दिवसांनी विद्यार्थ्यांच्या मेंदूची प्रतिमा घेत असता पहिल्या मार्गदर्शकाच्या संवादात दृश्यकल्पनेशी निगडित असलेले भाग अधिक कार्यरत दिसले. विद्यार्थी थोडे होते, तेव्हा यावरून मोठा सिद्धांत उभारू नये. परंतु आपण शाळाभेटीत जे प्रश्न विचारतो ते जवळजवळ सगळे दुसऱ्या मार्गदर्शकाचे असतात, हे ऐकणारा कोणीही मान्य करील. माहिती भरली का? तक्ता लावला का? खर्चाचा तपशील पाठविला का? हे प्रश्न सोडता येत नाहीत, कारण वरून तेच मागितले जाते. मात्र ते भेटीच्या आरंभीच विचारले पाहिजेत असे कोठे लिहिले आहे?

शाबासकीविषयी थोडक्यात सांगतो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की डोपामिन वाहणाऱ्या पेशी बक्षिसाने जितक्या उत्तेजित होतात त्याहून अधिक अनपेक्षित बक्षिसाने होतात. अपेक्षित बक्षीस मिळाले तर त्या फारशा हलत नाहीत, आणि अपेक्षिलेले चुकले तर मंदावतात. माकडाच्या फळरसापासून आमच्या शेरेबुकापर्यंतचे अंतर लांबचे आहे, हे मी जाणतो. तरीही दर भेटीत ठरून गेलेले "काम समाधानकारक" हे शब्द कोणाच्या मनास का स्पर्श करीत नाहीत, याचा काही अंदाज यावरून येतो.

आता एक इशारा. मेंदूचे नाव घेऊन आज बाजारात पुष्कळ माल विकला जातो. डाव्या मेंदूचे नेते व उजव्या मेंदूचे नेते, मेंदूचा दहावाच भाग आपण वापरतो, असली विधाने प्रशिक्षणवर्गांतून बिनदिक्कत केली जातात. त्यांना आधार नाही. २००८ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की एखाद्या सदोष स्पष्टीकरणात मेंदूविषयीचे असंबद्ध वाक्य घुसडले तर सामान्य माणसास व त्या विषयाच्या विद्यार्थ्यासही ते अधिक पटते. तज्ज्ञ मात्र फसले नाहीत. २००९ मधली मेलेल्या माशाची गोष्ट तर गमतीची आहे. क्रेग बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मृत सामन मासा प्रतिमायंत्रात ठेवला, त्यास माणसांची छायाचित्रे दाखविली, आणि गणितातील एक आवश्यक दुरुस्ती मुद्दाम टाळली. तेव्हा माशाच्या मेंदूतही हालचाल उमटली! संशोधकांनाच सावध करण्यासाठी केलेला तो प्रयोग होता. म्हणून माझे आजचे सांगणेही आपण तेवढ्याच सावधपणे घ्यावे. मुख्याध्यापकाशी चार माणसांत उद्दामपणे बोलू नये, हे कळण्यास प्रतिमायंत्र लागत नाही. आमच्या आजोबांनाही ते ठाऊक होते. या शास्त्राने मला एवढेच दिले, की ज्यास मी केवळ सभ्यतेचा प्रश्न समजत होतो तो कामाचाही प्रश्न आहे, हे उमगले.

पुढे मी माझी पद्धत बदलली. भेटीत काय पाहणार हे आठ दिवस आधी कळवू लागलो. पहिली पंधरा मिनिटे मुख्याध्यापकांबरोबर एकट्याने वर्गांतून हिंडावयाचे व त्यांनीच दाखवावयाचे, असे ठरविले. शेरा लिहिण्यापूर्वी तो त्यांस वाचून दाखवू लागलो, आणि त्यात काही चुकले असल्यास सांगा, असे म्हणू लागलो. पुष्कळदा चुकलेले असे. याने एका दिवसात दोन शाळा होत नाहीत, एकच होते. वरिष्ठांनी याविषयी मला विचारणाही केली होती, आणि आपल्यालाही होईल.

त्या चार शिक्षकी शाळेत मी तीन वर्षांनी पुन्हा गेलो. गुरुजींनी मुख्याध्यापकपदाचा कार्यभार मधल्या काळात सोडला होता, आणि ते दुसरीच्या वर्गावर शिकवीत होते. मी शेरेबुक मागवून जुने पान काढले आणि त्याखाली लिहिले, की वरील शेरा चुकीच्या समजुतीने लिहिला गेला होता. गुरुजींना ते वाचून दाखविले. "आता राहू द्या, साहेब," एवढेच ते म्हणाले, आणि वर्गात गेले.