तेलाची नळी आणि तिची वाट



काल या व्यासपीठावर वेदान्तावर व्याख्यान झाले. उद्या नाट्यसंगीतावर व्हायचे आहे. मधल्या दिवशी मी मोटारीच्या पोटातल्या एका रबरी नळीबद्दल बोलणार आहे. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी हाच सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बोला, पण लोकांना समजेल असं बोला." ही अट मला मान्य आहे, कारण माझे स्वतःचे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही आले ते गॅरेजच्या खड्ड्यात उभे राहून आणि रात्री शब्दकोश शेजारी घेऊन आले. सहा वर्षे मी हेल्पर होतो. त्यानंतर आजवर युनियनचे काम करीत आलो आहे.

मोटारीचे चाक वळवायला पूर्वी खांद्यात बळ लागे. आपल्याकडच्या जुन्या फियाट आणि अँबॅसडर बहुतेक सगळ्या हाताच्याच जोरावर वळत. इंजिनाच्या बळाने स्टिअरिंग हलके करण्याची युक्ती फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनियराने सिद्ध केली. पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात तो काम करीत असे. जड गाडी वळवताना चालकाचे काय हाल होतात हे त्याने पाहिले होते. १९२६ साली त्याने ती युक्ती एका मोटारीत बसवून चालवून दाखवली. परंतु विक्रीच्या मोटारीत ती यायला १९५१ साल उजाडले. त्या वर्षी क्रायस्लर कंपनीने आपल्या इंपीरियल मोटारीत पॉवर स्टिअरिंग दिले.

या यंत्रणेचे काम समजायला सोपे आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो तेल दाबाने एका व्हॉल्व्हकडे ढकलतो. आपण स्टिअरिंग डावीकडे फिरवले की व्हॉल्व्ह ते तेल सिलिंडरच्या एका बाजूला सोडतो, उजवीकडे फिरवले की दुसऱ्या बाजूला. सिलिंडरातला दांडा चाकांना ढकलतो आणि काम झालेले तेल पंपाकडे परत येते. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या मोठ्या शेव्हरोले मोटारींत आणि फोर्डच्या पहिल्या मस्टँगमध्ये हा व्हॉल्व्ह आणि सिलिंडर दोन्ही गाडीच्या खाली, चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवर बसवलेले असत. म्हणून तिथे नळ्या चार: दोन पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये, दोन व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्यामध्ये.

आता नळीची अडचण ध्यानात घ्या. तिचे एक टोक पंपाला, म्हणजे इंजिनाला. इंजिन रबराच्या बैठकीवर असते, ते थरथरते, डुलते. दुसरे टोक चाकांच्या दांड्याला, तो सारखा डावी-उजवीकडे सरकतो. दोन्ही टोकांना स्वस्थता नाही, आणि पोटात दाब. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिटी होते तेव्हा आतला वाफेचा दाब चौरस इंचाला साधारण पंधरा पौंड असतो. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून धरले, ज्याला आम्ही फुल लॉक म्हणतो, की या नळीतला दाब हजार पौंडांच्या आसपास जातो. आणि हाताच्या अंतरावर इंजिनाचा धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड, काही शे अंश तापलेला. नळीतले तेल पेट घेणारे आहे. त्याचा बारीक फवारा त्या लोखंडावर उडाला तर पुढे काय होते हे मी आपणांस पुस्तकातून सांगत नाही.

२०११ सालची गोष्ट. मुंबईतले एक गॅरेज. १९६०च्या दशकातली एक अमेरिकन मोटार तिथे आली होती; मालकाला ती रविवारी जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत न्यायची होती. दाबाची नळी पाझरत होती. मूळ नळी बाजारात मिळेना, म्हणून हायड्रॉलिकच्या दुकानातून नवी करून घेतली, जुनीचे माप देऊन. चूक इथेच झाली. जुनी नळी मूळ कंपनीची नव्हती. मागे केव्हा तरी कोणी तरी ती आखूड करून, जवळच्या वाटेने, मॅनिफोल्डच्या कडेने नेली होती. नव्या नळीने जुनीची चूक इंचाइंचाने उतरवून घेतली. कंपनीच्या पुस्तकात पाहावे तर चित्र डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीचे, आणि ही गाडी आपल्याकडची, उजव्या बाजूची. चित्रातली वाट इथे लागू पडेना. पुस्तक मिटून ठेवले गेले.

हेल्पर पोरगा एकोणीस वर्षांचा. त्याने खाली झोपून पाहिले आणि सांगितले, "उस्ताद, फुल लॉकला नळी ताणते." उस्तादाने मालकाकडे पाहिले, मालकाने घड्याळाकडे. गाडी गेली. रविवारी परत आली ती बॉनेटखालून धूर काढीत. पोराने धावत जाऊन बॉनेट उघडले; आत वारा शिरला आणि भडका उडाला. त्याचे दोन्ही हात भाजले.

१९२३ सालच्या नुकसानभरपाईच्या कायद्याखाली आम्ही अर्ज केला. गॅरेजवाल्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हा मुलगा आमच्याकडे नोकरीला नव्हता. दुसरी, नळी त्यानेच चुकीची बसवली. जो नोकरीलाच नव्हता त्याने नळी कशी बसवली, हे विचारायला वकील लागला नाही. पण पुरावा हवा होता. तो त्याच्या आईने आणून दिला. पोराला रोजचे काम एका खिशातल्या वहीत लिहून ठेवण्याची सवय होती. शुक्रवारच्या पानावर लिहिले होते: 'निळी गाडी. प्रेशर होज आखूड. उस्तादांना सांगितले.' त्या तीन वाक्यांवर तडजोड झाली. पैसे मिळाले. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे मात्र अजून पुरती मिटत नाहीत.

त्यानंतर मी हा विषय नीट शिकलो. निरनिराळ्या गॅरेजांतल्या मिस्त्रींना विचारून, इंग्रजी पुस्तके कोशाच्या साहाय्याने वाचून. जे हाती आले ते थोडक्यात सांगतो.

जुनी नळी काढण्यापूर्वी प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी. आता मोबाइल आहे, फोटोही काढावा. सिलिंडरच्या दोन नळ्या अदलाबदल झाल्या तर इंजिन सुरू होताच स्टिअरिंग आपोआप एका बाजूला जाऊन आदळते; त्या वेळी कोणाचा हात चाकापाशी असेल तर त्याची काय गत होईल ते सांगायला नको. परंतु चिठ्ठी जोडणी कोणती ते सांगते, वाट बरोबर होती की नाही ते सांगत नाही. त्यासाठी चेसिसवर मूळ क्लिपांची भोके शोधावीत. कारखान्याने नळी कुठून नेली होती याची तीच साक्ष. भोके सापडली नाहीत तर दोरी घेऊन वाट आखावी, आणि माप जुन्या नळीचे न घेता त्या दोरीचे घ्यावे.

ही वाट मॅनिफोल्डपासून जितकी दूर ठेवता येईल तितकी ठेवावी; इलाजच नसेल तिथे मध्ये पत्र्याचा आडोसा करावा. पत्र्याच्या धारेला, पट्ट्याला, पंख्याला नळी लागता कामा नये. दाबाखाली नळी थोडी आखडते, म्हणून तिला ढील हवी. पण ती चाकाला घासेल इतकी लोंबूही नये. नट आवळताना दोन पाने वापरावेत, एकाने नळीचे टोक धरून ठेवावे, नाही तर नळीला पीळ बसतो. नळीवर लांबीने छापलेली रेघ असेल तर ती सरळ राहिली की पीळ नाही असे समजावे.

मग परीक्षा. पुढची चाके उचलून, खाली घोडे लावून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे आणि एकाने खालून पाहावे. मग गाडी जमिनीवर टेकवून पुन्हा तेच करावे, कारण वजन आले की दांड्यांची जागा बदलते. त्यानंतरच इंजिन सुरू करावे. फुल लॉकला काही क्षणांपेक्षा जास्त धरू नये. आणि गळती शोधायला हात फिरवू नये. दाबाच्या तेलाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आतून बोट सडते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा, त्यावर डाग उमटतो.

या सगळ्याला किती वेळ लागतो? जाणत्या मिस्त्रीला नळी जोडण्यापेक्षा तासाभराचा जास्त. तो तास बिलात दिसत नाही, म्हणून तो कोणी देत नाही. माझे युनियनचे म्हणणे त्या तासापुरतेच आहे. गाडीखाली जो झोपतो त्याला "अजून झाले नाही" असे म्हणता आले पाहिजे, आणि तसे म्हटल्याबद्दल त्याचा रोज बुडता कामा नये.

आपल्यापैकी थोड्यांकडेच जुनी अमेरिकन गाडी असेल. पण गाडी गॅरेजात सोडून "संध्याकाळपर्यंत द्या हं" असे आपण सर्वच म्हणतो. मीसुद्धा म्हटले आहे. पुढच्या वेळी एवढेच करा. गाडी परत घेताना जो पोरगा खाली झोपला होता त्याला बोलवा आणि विचारा, "फुल लॉकला पाहिलंस का?" तो मालकाकडे पाहू लागला, तर गाडी तिथेच ठेवून बसने घरी जा.