श्रीतालाचे रोप



या व्याख्यानमालेत तत्त्वज्ञान होते, अर्थकारण होते, इतिहास तर होतोच होतो. अशा व्यासपीठावरून एका झाडाविषयी तासभर बोलायचे म्हणजे थोडे धाडसच. पण ज्या झाडाविषयी मी बोलणार आहे ते आपल्या ओळखीचे आहे; आपली त्याची ओळख मोडलेली आहे, इतकेच. आपल्यापैकी अनेकांच्या गळ्यात किंवा मनगटात लहानपणी दृष्ट लागू नये म्हणून एक काळा, गुळगुळीत मणी आईने बांधला असेल. त्याला आपण बजरबट्टू म्हणतो. हा बजरबट्टू एका ताडजातीच्या वृक्षाचे बी आहे. त्या वृक्षाचे संस्कृत नाव श्रीताल. केरळात त्याला कुडप्पन, म्हणजे छत्रीचा ताड, म्हणतात. इंग्रजांनी त्याला टॅलिपॉट केले, आणि लिनियसने १७५३ साली त्याचे शास्त्रीय नाव ठेवले कोरिफा अंब्रॅक्युलिफेरा. अर्थ तोच, छत्री धारण करणारा.

बी घरोघर, पण झाड पाहिलेले लोक किती? या सभागृहात हात वर करायला सांगितले तर बोटांवर मोजता येतील. हल्ली हौशी बागवानांत दुर्मीळ झाडे मिळवण्याची चढाओढ चालू आहे आणि श्रीतालाचे नाव त्यांच्या यादीत वरचे असते. म्हणून आजचा प्रश्न अगदी व्यवहाराचा घेतला आहे: श्रीताल घरच्या बागेत लावायचा असेल तर तो मिळवावा कसा, लावावा कसा, आणि मुळात लावावा की नाही?

आधी झाडाचे मोठेपण पाहू. पूर्ण वाढलेल्या श्रीतालाचे एक पान पंख्यासारखे पसरते आणि त्याची रुंदी पाच मीटरपर्यंत जाते. देठ वेगळा, तोही तीन-चार मीटरचा. खोड पंचवीस मीटरपर्यंत उंच आणि मीटरभर जाड. रॉबर्ट नॉक्स नावाचा इंग्रज खलाशी सिंहलद्वीपात एकोणीस वर्षे कैदेत होता. सुटून गेल्यावर १६८१ साली त्याने जे पुस्तक छापले, त्यात या पानाचे वर्णन आहे: एका पानाखाली पंधरा-वीस माणसे पावसात कोरडी राहतात! आपल्याकडचा शेतकरी इरले घेऊन लावणीला जातो. तिकडे झाडच इरले देत होते.

पण श्रीतालाचे खरे उपकार छत्रीचे नव्हेत, पोथीचे आहेत. ताडपत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ताडी देणारा ताड येतो. जुन्या पोथ्यांत दोन प्रकारची पाने आढळतात. एक खरतालाचे, म्हणजे आपल्या ताडाचे. ते जाड आणि खरखरीत. दुसरे श्रीतालाचे, ते पातळ, लवचिक आणि टिकाऊ. पाटणच्या आणि जेसलमेरच्या जैन ग्रंथभांडारांतील जुन्या पोथ्या श्रीतालाच्या पानांवर लिहिलेल्या आहेत. राजस्थानच्या वाळवंटात हे झाड उगवत नाही. म्हणजे ही पाने दक्षिणेकडून व्यापाराने तिकडे जात होती. एका झाडाच्या पानाने एवढे ज्ञान वाहून नेले, आणि आपण त्याचे बी फक्त दृष्टीसाठी राखले!

हॉर्टस मलबारिकस या प्रचंड ग्रंथाच्या १६८२ साली निघालेल्या तिसऱ्या खंडात या वृक्षाची मोठमोठी चित्रे आहेत. तो ग्रंथ डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने सिद्ध केला. आपल्या दृष्टीने विशेष असे की, त्याच्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघा कोंकणी वैद्यांचा हात होता, आणि त्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र १६७८ च्या पहिल्या खंडात छापलेले आहे.

आता या झाडाचा स्वभाव. माड दरवर्षी फुलतो, पोफळही दरवर्षी फुलते. श्रीताल जन्मात एकदाच फुलतो. तीस, चाळीस, कधी साठ-सत्तर वर्षे तो नुसती पाने काढतो आणि खोडात पिठूळ सत्त्व साठवतो. मग एके वर्षी शेंड्यातून सहा ते आठ मीटर उंचीचा फुलोरा निघतो. फांद्या असलेल्या फुलोऱ्यांत जगात याहून मोठा फुलोरा नाही. त्यातल्या फुलांचा अंदाज दोन कोटींच्या पुढे सांगतात. फळे पिकायला सुमारे वर्ष लागते. तोवर पाने एकेक करून वाळतात, आणि फळे गळाली की झाड मरते. आपल्या कोकणातला भेरली माड याच कुळीचा. तोही एकदा फुलू लागला की थांबत नाही आणि शेवटी मरतो. पण त्याचे घोस वरून खाली क्रमाने काही वर्षे येत राहतात. श्रीताल सारी शिदोरी एकाच वेळी सोडतो.

यातूनच ते मिळवण्याची अडचण उद्भवते. एखाद्या गावातले झाड फळले तर त्या वर्षी बियांचा सडा पडतो. त्यानंतर कित्येक वर्षे एकही बी नाही. म्हणून बी मिळणे हा योगाचा भाग आहे. दक्षिण कर्नाटकात किंवा केरळात कोणी ओळखीचे असेल तर त्यांना सांगून ठेवावे. बाजारातला बजरबट्टू आणून पेरू नये. तो वाळवलेला, घासलेला आणि आरपार भोक पाडलेला असतो. त्यातून मोड येण्याची आशा नको. बी ताजे हवे, हातात जड लागणारे हवे.

दुसरा मार्ग पुष्कळांना सोपा वाटतो: रानात जावे आणि रोप उपटून आणावे. तो मार्ग घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो. एक तर राखीव जंगलातून परवानगीवाचून रोप आणणे हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. दुसरे म्हणजे, हे झाड मनुष्यवस्तीपासून दूर, निखळ रानात वाढलेले क्वचितच सापडते. देवळांच्या आवारात, जुन्या वाड्यांच्या मागे, वस्तीच्या कडेला ते टिकून आहे. तिथले रोप आपण उचलले तर त्या गावाची पुढची पन्नास वर्षे उचलली. आणि तिसरे कारण झाडाच्या मुळांत आहे. ते नीट समजून घेऊ, कारण ताडकुळातल्या सर्वच झाडांना ते लागू पडते.

आंबा किंवा वड यांच्या खोडात सालीखाली एक जिवंत थर असतो. जखम झाली तर तो भरून काढतो. खोड जाड होत जाते, मुळे जाड होत जातात. ताडकुळात असा थर नाही. खोडाला पडलेली जखम जन्मभर तशीच राहते. फांद्या नाहीत, त्यामुळे शेंड्यातला एक कोंब हाच सगळा जीव. तो गेला की झाड गेले. मुळांचेही तसेच. त्यांना सोटमूळ नसते. दोरीएवढी एकसारखी मुळे बुंध्याच्या तळातून निघत राहतात, आणि ती कधी जाड होत नाहीत.

मग झाड उपटताना ही मुळे तुटली तर काय होते? याचे पद्धतशीर प्रयोग फ्लोरिडात झाले. माडाच्या तुटलेल्या मुळांपैकी निम्म्याच्या आसपास पुन्हा फुटली. सबाल नावाच्या ताडाची तुटलेली मुळे मात्र जवळजवळ सगळी मेली. त्याला बुंध्यातून नवी मुळे काढावी लागली. आणि नवी मुळे काढण्याची ही शक्ती झाडाला खोड धरल्यानंतरच पुरेशी येते. ज्याचे खोड अजून जमिनीवर आलेले नाही असे तरणे झाड उपटले तर ते सहसा दगावते.

श्रीतालाला याचा फटका दुप्पट बसतो. तो कित्येक वर्षे जमिनीवर खोडच दाखवत नाही. जमिनीतून थेट भलीमोठी पाने येत राहतात आणि बुंधा खाली रुंद होत जातो. पुरेसा रुंद झाला की मगच तो वर चढतो. म्हणजे त्याला हलवण्याच्या दोनच वेळा: अगदी तान्हेपणी, मातीच्या गड्ड्यासकट, किंवा खोड धरल्यावर, यारी लावून. मधली सगळी वर्षे हात लावायची नाहीत. तेव्हा घरच्या बागवानाने तान्हेपणच साधावे.

आता कृती सांगतो. बी तीन-चार दिवस पाण्यात भिजत ठेवावे. पाणी रोज बदलावे. मोड यायला काहींना दोन-तीन महिने लागतात, काहींना वर्षही. पहिला मोड ताडगोळ्याच्या बीप्रमाणे वर न येता नळीसारखा खाली जातो, आणि रोप त्या नळीच्या टोकाशी जन्मते. म्हणून उथळ कुंडी कामाची नाही; हातभर खोल पिशवी किंवा डबा घ्यावा, तळाला भोके पाडावीत, आणि माती, वाळू व कुजलेला पाला यांचे मिश्रण भरावे. 'बी मेले' म्हणून रोज उकरून पाहण्याचा मोह आवरावा. रोप अर्ध्या सावलीत वाढवावे.

दोन-तीन पाने आली की कायमची जागा द्यावी. वेळ मृगाचे दोन-चार पाऊस झाल्यावरची. खड्डा अगोदर उन्हाळ्यात खणून तापू द्यावा. पिशवी फाडून काढावी. गड्डा फुटू देऊ नये. रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच खड्ड्यात ठेवावे. 'आधार मिळेल' म्हणून बुंध्यावर माती चढवली तर कोंब कुजतो. पाणी साचणारी जागा टाळावी, पण पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी चुकवू नये. आळ्यात पालापाचोळा पसरावा. नारळाच्या बागायतदारांना ठाऊक असलेले गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा हे शत्रू याचेही आहेत. सोंड्या भुंगा जखमेच्या वासाने येतो. तेव्हा खोडाला खिळा ठोकणे, तार आवळणे, हिरवे पान ओरबाडणे यांतले काहीही करू नये.

इथवर ऐकून काही मंडळींनी मनात जागासुद्धा ठरवली असेल. आता मूळ प्रश्नाकडे वळतो: लावावा की नाही?

मोजमाप करून पाहा. चारी बाजूंनी निदान पाच मीटर मोकळी जागा हवी, वर विजेची तार नको, शेजाऱ्याचे छप्पर नको. वाळलेले पान देठासकट खाली येते तेव्हा ती काडी नसते, वासा असतो. शहरातल्या दीड-दोन गुंठ्यांच्या बंगल्यात हे बसत नाही. आणि बसवलेच, तर वीस वर्षांनी, झाड ऐन भरात असताना, कोणीतरी कुऱ्हाड मागवणार. महाराष्ट्रात शहरांतली झाडे तोडण्यावर १९७५ च्या कायद्याने बंधन आहे हे खरे. पण कायद्याच्या भरवशावर झाड चुकीच्या जागी लावणे हा शहाणपणा नव्हे.

म्हणून माझे म्हणणे असे की, घरच्या बागेने श्रीतालाचे माहेर व्हावे, सासर होऊ नये. बी मिळवावे, खोल पिशवीत रुजवावे, दोन-तीन पानांपर्यंत सांभाळावे. एवढे तर गच्चीवरसुद्धा होते. मग ते रोप शाळेच्या पटांगणाला, देवळाच्या आवाराला, नगरपालिकेच्या बागेला द्यावे. देताना एक कागदही द्यावा: झाडाचे नाव, बी कुठले, लावल्याचे साल, आणि ठळक अक्षरांत हे की, 'हे झाड एकदाच फुलेल आणि मग मरेल; तो रोग नव्हे. फुलल्यावर तोडू नका, फळे पिकू द्या, बी वाटा.' हा कागद संस्थेच्या दप्तरी राहिला पाहिजे. कारण झाड फुलेल तेव्हा ते लावणारा बहुधा नसेल, ज्याने ते स्वीकारले तो मुख्याध्यापक किंवा पंचही नसेल.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. ब्राझीलचे विख्यात उद्यानरचनाकार रोबेर्तो बुर्ले मार्क्स यांनी रिओ दि जानेरो शहरातल्या समुद्रकाठच्या फ्लामेंगो उद्यानात आपल्याकडचे हे श्रीताल लावले. ते साधारण १९६० नंतरच्या दशकातले काम. बुर्ले मार्क्स १९९४ साली वारले. झाडे फुलली २०२५ साली! ज्यांनी ती पाहिली त्यांतल्या अनेकांचा लावणीच्या वेळी जन्मही झाला नव्हता. आपले झाड परक्या शहराने साठ वर्षे सांभाळले. मग आपल्या शहराला ते का जमू नये?

आपण आंबा लावतो तेव्हा 'आपल्याला नाही तर नातवाला' असे म्हणतो. त्यातही नातवाच्या तोंडी फळ पडावे ही गोड लालूच असतेच. श्रीताल तेवढीही लालूच दाखवत नाही. तो लावणाऱ्याला पाने देतो आणि फूल दुसऱ्या कोणाला देतो. असे झाड एकट्याच्या हौसेने जगत नाही. त्याला गावाची स्मरणशक्ती लागते. एखाद्या गावात लावलेला श्रीताल फुलून, पिकून, बी वाटून गेला, तर त्या गावात साठ वर्षे एक कागद हरवला नाही, एक पटांगण विकले गेले नाही आणि एक वचन मोडले गेले नाही, असे खुशाल समजावे.

आपल्या गावाविषयी असे म्हणता येईल की नाही, ते रोप लावल्याखेरीज कळणार नाही.